न ऐकणारी नस

नाही गं, चुकीच्या खोलीत नाही आलीस, हीच ती. दारावरची पाटी वाचून घाबरलीस होय? सगळेच घाबरतात. एवढी लांबलचक पाटी, 'रक्तवाहिनी संशोधन विभाग', आणि आत बघावं तर एक मी, एक फ्रिज आणि ही दोन यंत्रं. मावशी, तुम्ही बाहेर थांबा, झालं की हाक मारते. थांब, खुर्ची मीच ढकलते, तू हात पोटावर धर, टाके ओले आहेत अजून — त्या वायरीवरून नको, चाक अडकतं, परवा आमच्या बाईच अडखळून पडायच्या होत्या. बाई म्हणजे इथल्या मुख्य शास्त्रज्ञ, मी त्यांच्या हाताखाली. आज त्या मीटिंगला बाहेरगावी गेल्यात, नाहीतर मी तुला इथं — म्हणजे इथं कोणाला येऊ देत नाहीत, पेशंटला तर नाहीच. नियम आहे तसा. पण आता आलीस ना, मग बस. अगं-तुगं करतेय हं, राग मानू नकोस, माझ्या भाचीच्या वयाची असशील. चक्कर नाही ना येत? प्रेशर उतरलं का? पाय सुजलेलेच आहेत अजून. असू दे, ती सूज काही एका दिवसात जात नाही, आली तशीच रमतगमत जाते.

बाळ काल संध्याकाळी गेलं ना? हो, कळलं मला. मुलगी होती म्हणाल्या वॉर्डातल्या मावशी, एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. अशा वेळी काय बोलायचं ते मला मेलीला कधी सुचत नाही, मग मी भलतंच बडबडत सुटते. वाईट झालं गं. फार वाईट झालं. रडू आलं तर रड हो, इथं कोणी बघायला नाही. नाही येत? काल माझंही तसंच — बरं ते जाऊ दे.

तुला विचारायचं होतं ना, ऑपरेशनच्या वेळी तुझ्यातला तुकडा काढला त्याचं काय केलं म्हणून? विचारणारच. सही घेतात, पण सही घेतात कधी, तर बाईला कळा येत असतात किंवा डोळ्यांपुढे अंधारी. त्या वेळी कोणी घर लिहून मागितलं तरी देईल ती. तर घाबरू नकोस, तुकडा म्हणजे फार मोठा नव्हे, नखाएवढा. पोट उघडल्यावर गर्भाशयाला जिथं चीर देतात ना, तिथल्याच कडेचा. तो बर्फातल्या बाटलीतून माझ्याकडे येतो. बाटलीवर नाव नसतं, नुसता नंबर. कोणाचा तुकडा, बाईचं काय झालं, मूल कसं आहे, काही कळू द्यायचं नसतं आम्हाला. उगाच मन गुंततं, हात हलतो. बाईंचं तसं फार कडक आहे.

ये, या भिंगातून बघ. डोळा जरा मागे घे, मिचकावू नकोस. दिसतेय? मधोमध, पांढुरकी, दोऱ्याच्या तुकड्यासारखी? ती तुझी नस. गर्भाशयाच्या भिंतीतली, बाळाकडे रक्त नेणारी. डॉक्टर मोठमोठी नावं घेतात, मी आपली नस म्हणते. तिच्या आतून दोन तारा ओवल्यात, केसाहून बारीक. घरी सुई ओवायला मला शेजारणीला बोलवावं लागतं, पण इथं बरोबर ओवते, बाईंनी हाताला धरून शिकवलंय. नस आवळली की तार ओढली जाते आणि त्या स्क्रीनवरची रेघ वर चढते. सैल पडली की रेघ खाली. झालं, एवढंच माझं काम. रेघ वर, रेघ खाली, आणि मधे चहा. जिवंत आहे का? हो, जिवंतच म्हणायचं की. पाणी बघ, खारट, आपल्या अंगाइतकं कोमट, थोडी साखर, वर हवेचे बुडबुडे. तिला वाटतं ती अजून घरीच आहे. संध्याकाळपर्यंत वाटतं, मग थकते.

आता हे नीट ऐक, कारण तुला कोणी सांगितलेलं नसणार. डॉक्टरांना वेळ नसतो, एका खाटेवरून दुसरीवर, त्यांचंही खरं आहे. बाईच्या अंगात ते दोन हार्मोन असतात ना, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन — ज्यांच्या नावानं आपल्याला चिडचिडी म्हणतात ते — त्यांचं सगळ्यात जास्त कोण ऐकतं ठाऊक आहे? नवरा नाही. ह्या नसा. हातापायाच्या नसा तेवढं मनावर घेत नाहीत, गर्भाशयाच्या घेतात. इस्ट्रोजेन वाढलं की नसेच्या आतलं अस्तर भोवतीच्या स्नायूला निरोप देतं, सोड बाई, सैल पड. आणि तो सोडतो. दिवसभर बाहेर राहून आपण घरी येतो, घट्ट ब्लाउजचे हुक काढतो आणि हुश्श करतो ना, तसं. दर महिन्याला थोडी आवराआवर, पाहुणा आला नाही की पुन्हा सगळं जिथल्या तिथं. माझ्या आता वाळल्या, पाळी गेली तेव्हाच, त्यांना कोणाचे निरोप यायचे? हसू नकोस, टाके दुखतील. हसलीस मात्र जराशी, मी पाहिलं.

पण दिवस गेले की मग बघावं. हार्मोन असे वाढतात की नसा नुसत्या सैल नाही पडत, भिंतच नव्यानं बांधायला घेतात. आतून रुंद होतात, आवळणारा स्नायू जागोजागी विरून जातो, म्हणजे कितीही घाबरलीस, दमलीस, कोणाशी भांडलीस, तरी बाळाच्या वाट्याचं रक्त आवळून धरायला तिथं कोणी उरतच नाही. पायवाटेचा गाडीरस्ता. शेवटी शेवटी मिनिटाला तांब्याभर रक्त जातं त्यातून! मी बाईंना म्हटलं होतं, काय हो, एवढी उलथापालथ आणि आपल्याला नुसती मळमळ कळते. तर हे असं व्हायचं असतं. आणि काहीजणींच्या नसा ऐकत नाहीत. निरोप येतात, अंगभर हार्मोन असतात, पण ह्या आपल्या मूठ आवळून बसतात. पायवाट ती पायवाटच. मग बाळाला पोटभर मिळत नाही, ते बारीक राहतं, आणि तिकडून काहीतरी बिघडतं ते आईच्या अंगभर पसरतं — प्रेशर, सूज, डोळ्यांपुढे काजवे. तुला आले होते ना काजवे? हां.

आता मुद्द्याचं बोलते. कपाटाचं. कोणी सांगितलं म्हणून काय विचारतेस, वॉर्डात भिंती आहेत का? सगळ्या खाटांना ऐकू गेलं. सासूबाई म्हणाल्या, कपाट ढकललंस सातव्या महिन्यात, कोणी सांगितलं होतं, आता भोग. बोलायला काय जातं, जिभेला हाड नसतं. पाळणा खिडकीशी यावा म्हणून ढकललंस ना? म्हणजे ज्याच्यासाठी केलं तेच अंगावर आलं. आणि नवरा? भिंतीकडे बघत उभा? बोलत नाहीत गं ते, आत तुटत असेल तोही, पण नाही बोलत. आणि तुला काय वाटतं ते मला ठाऊक आहे. तुला वाटतं, खरंच आहे. बघ, मान हलवलीस. ती हलवू नको म्हणून तर मी तुला बोलावलं.

बरं, बोलावलं. मीच बोलावलं, आता कशाला लपवू. मावशींना मीच म्हटलं, तिला घेऊन या, बाई नाहीत आज. नंबरबिंबर असतो हे खरं, पण काल सिझेरियन एकच झालं, आणि बाटली आली तेव्हा मी — विचारलं. विचारायचं नसतं, मी विचारलं. कधी नाही विचारत गं. मावशींनी ते कपाटाचं सांगितलं आणि मग मला राहवलं नाही. कारण माझी धाकटी. सख्खी बहीण, माझ्या पाठची. शिवण काय सुरेख होतं तिचं, आख्खी गल्ली तिच्याकडे कपडे टाकायची. तिला दिवस गेले, आणि शेवटी असंच झालं, प्रेशर, झटके, बाळ पोटातच गेलेलं. ती कशीबशी वाचली. आणि घरातल्या बायका — परक्या नाहीत, आमची सख्खी आई, आत्या, तिची नणंद — म्हणाल्या, मशीन चालवलंस, पाय मारलेस, पोटाला धक्के बसले. एकदाच म्हणाल्या असतील, पण तिनं ते गाठीला बांधलं ते बांधलंच. पुन्हा त्या मशीनला हात लावला नाही. चादर टाकून ठेवली वर. फाटकं शिवायचं असलं तर शिंप्याकडे पाठवायची — ती! दुसऱ्या मुलाचं नाव काढलं की उठून आत जायची. मी इथं लागले, हे सगळं शिकले, तेव्हा धावत गेले तिच्याकडे, म्हटलं, अगं वेडे, मशीनचा काही संबंध नाही, नसा असतात, हार्मोन असतात, तुझ्या हातात काही नव्हतं. तर हसली. म्हणाली, ताई, मला बरं वाटावं म्हणून तू काहीही सांगशील. गेल्या वर्षी गेली ती. शेवटपर्यंत मनात तेच. मला वाटतं, मी नुसतं सांगितलं ना, तिथं चुकलं. दाखवता आलं असतं तर मानलं असतं तिनं. डोळ्यांनी बघितलेलं कोण नाकारतं?

म्हणून तुला दाखवते. स्क्रीनकडे बघ. ही रेघ वर आहे, म्हणजे नस आवळलेली आहे — ती मीच आवळवली, तसं औषध आधी घातलं होतं. आता या भिंतीवरच्या कागदाकडे बघ. ही एका धडधाकट बाईच्या नसेची रेघ आहे, तिचंही सिझेरियनच, पण मूल आडवं होतं म्हणून, बाकी सगळं ठीक. इथं तिला इस्ट्रोजेन दिलं. बघ कशी रेघ उतरलीय, जिना उतरल्यासारखी. आता हे बघ, मी तुझ्या नसेला तेच घालते. तीच बाटली, तेवढंच. घातलं. थांब आता, जरा वेळ द्यायचा असतो. बुडबुडे बघत बस. मला सुरुवातीला फार आवडायचे ते बुडबुडे. बघ. काय झालं? काही नाही झालं. आणखी घालते, आता जास्त घालते. हं? ढिम्म. जागची हलत नाही रेघ. दिसतंय ना तुला, मी काही सोंग करत नाहीये. ती ऐकत नाही गं. तुझ्या अंगात पूर वाहत होता ह्या हार्मोनचा, आणि ती ऐकत नव्हती.

आणि आता मला सांग, ह्या नसा रुंद कधी व्हायला घेतात? पहिल्या चार-पाच महिन्यांत. पोट धड दिसतही नसतं तेव्हा. तेव्हाच ठरतं ते. आणि कपाट कधी ढकललंस? सातव्यात. मग? काय केलं कपाटानं? झालेली गोष्ट कपाट मागे जाऊन करतं का? तू पाळणा आणायच्या आधी, तुला धड माहीतही नव्हतं तेव्हापासून ह्या मूठ आवळून बसल्यात. तू झोपून राहिली असतीस तरी, फुलासारखी ठेवली असती तुला सगळ्यांनी तरी, हेच झालं असतं. तुझा दोष नाही. ऐकतेस? तुझा दोष नाही. सासूबाईंना माझ्याकडे पाठव हवं तर, मी बसवते त्यांना ह्याच भिंगापुढे.

हं. आलं रडू. येऊ दे. अगं येऊ दे, दाबू नकोस, पोटाशी ही उशी धर आणि रड. असं. हे घे, पुसायला घे, हा मऊ आहे, तो कागद खरखरीत असतो. माझी बाय ती. काल संध्याकाळपासून धरून ठेवलं होतंस ना सगळं. बरं झालं मी बोलावलं. बाई ओरडल्या तर ओरडू देत, ऐकून घेईन. तू रड निवांत, मी तोवर इथलं आवरून घेते, एवढं शेवटचं घातलं की यंत्र धुवायला मोकळी. आणि घरी गेल्यावर लगेच कामाला जुंपून घेऊ नकोस हं, आणि त्या पाळण्याकडे नको बघू इतक्यात, कोणाला तरी सांग आत ठेवून द्यायला, नवऱ्याला सांग, त्यालाही काहीतरी हातानं करायला हवंच असतं अशा वेळी —

काय? कुठं? काय झालं रेघेला?

नाही. नाही नाही, तिकडे नको बघू. ते — ते तसं नाही. थांब, मी स्क्रीन फिरवते. अगं ते मी हे शेवटचं घातलं ना, त्यानं होतं ते. ते इस्ट्रोजेन नव्हे, ते वेगळंच औषध. प्रत्येक नसेला शेवटी घालावंच लागतं, नस जिवंत होती का मेलेली हे तपासायला. मेलेली नस कशाला काय ऐकणार, मग सगळं काम वाया जातं. रोजचंच आहे ते, हाताला सवय झालीय, हात आपोआप गेला माझा. अगं तू बसलीयस समोर, आणि मी — काय माझा हा हात!

हो. पडली सैल. पूर्ण पडली, खालपर्यंत. त्या औषधानं सगळ्याच पडतात गं, कोणाचीही नस घे. नाही, ते पोटुशीला असं देता येत नाही. एकट्या त्या नसेला कसं देणार? अंगातल्या सगळ्याच नसा सैल पडतात मग, प्रेशर धाडकन उतरतं, बाळाला होतं तेवढंही रक्त मिळत नाही. तूसुद्धा गेली असतीस. खरं सांगते. इथं ह्या वाटीत चालतं ते, अंगात नाही चालत. कोणी द्यायचं राहिलं, विसरलं, असं नाही. असं काही मनात आणू नकोस.

काय म्हणालीस? जरा मोठ्यानं बोल, बुडबुड्यांचा आवाज आहे.

हो... उघडत होती म्हणजे... हो. स्नायू चांगला होता. उघडता येत होतं तिला. नाही, मग का नाही उघडली ते — ते मला नाही माहीत. बाईंना पण नाही माहीत. इस्ट्रोजेनचं ऐकत नाही आणि ह्याचं ऐकते, म्हणजे निरोप मधेच कुठंतरी अडकतो, एवढं कळलंय. का अडकतो, तुझाच का, ते नाही कळलेलं कोणाला. तेच तर शोधतोय आम्ही इथं, वर्षं झाली. कपाटानं नाही, एवढं मात्र शंभर टक्के. ते तरी धर ना. ते खोटं नाही झालं काही.

नाही गं. असं नको म्हणू. 'इथं मिठाच्या पाण्यात उघडली, परक्या बाईच्या हातून उघडली, आणि माझ्या मुलीसाठी माझ्या अंगात नाही उघडली' — असं नाही म्हणायचं, बाळ. अंग म्हणजे तू नव्हेस. तुला कोणी विचारलं का, उघडू का आवळू? माझ्याकडे बघ. बघ ना. कपाटाचं ओझं उतरवायला गेले आणि हे काय देऊन बसले मी तुला... शिवी दे हवं तर.

मावशी! अहो मावशी, या आत. न्या हिला. सावकाश न्या. आणि निजवा, कोणाला भेटायला सोडू नका आज.

अजून सैलच आहे ती, हो. कशाला विचारतेस? मला यंत्र बंद करायचंय. तू जा आता. जा ना गं.